पुंगळीतली खाच

थर्मननं टोक वाकवलेली तार काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळीत घातली, बुडापासून वर ओढली आणि पुंगळी डावीकडच्या डब्यात टाकली. पन्नासावी. सगळ्या चांगल्या. गॅरेजबाहेर मॉन्टानाचा बर्फ भर दुपारी काळवंडला होता.

घासून लख्ख केलेल्या, एका मापाला कापलेल्या या पुंगळ्या त्याच्या एकाच रायफलमधून सहा-सहा वेळा झाडलेल्या. दर वेळी बार उडाला की पितळ बुडाशी ताणतं आणि आतून खाच पडते. डोळ्याला दिसत नाही, तारेच्या टोकाला तेवढी लागते. अशी पुंगळी दारू-गोळी घालून पुन्हा भरली, तर कधीतरी आतच तुटणार आणि जळता वायू थेट तोंडावर येणार. चाळीस वर्षांत थर्मनच्या हातून अशी एकही सुटली नव्हती. त्याचा त्याला भारी ताठा.

कर्करोगाच्या औषधांनी मात्र या हिवाळ्यात त्याची बोटं बधिर केली होती. शर्टाची बटणं मुलगी, रोवेना, लावून द्यायची. तो चिडायचा, हात झटकायचा. तरी मेमधल्या नेमबाजीच्या स्पर्धेत त्यानं नाव घातलंच. डॉक्टर नको म्हणाले, तर त्यांनाच चार शब्द सुनावून आला.

"आता सगळ्यांत एकदा तू फिरव तार," तो शेजारी उभ्या रोवेनाला म्हणाला. "मागाहून कुरकुर नको."

एकतिसाव्या पुंगळीत टोक अडकलं. रोवेनानं पुन्हा ओढलं. अडकलंच. तिनं बापाकडे पाहिलं. तो खिडकीशी गार झालेली कॉफी पीत होता. हेही काढून घेतलं, तर याच्याकडे उरणार काय? पुंगळी तिनं हळूच स्वेटरच्या खिशात सोडली आणि उरलेल्या संपवल्या.

"सगळ्या ठीक आहेत, बाबा."

थर्मननं कप खिडकीत ठेवला.

"सकाळी मीच एक खराब त्यात मिसळली होती," तो म्हणाला. "म्हटलं बघू, माझ्या बोटांना अजून कळतंय का."

रोवेनानं मान खाली घातली. खिशातली पुंगळी काढून टेबलावर ठेवली.

"म्हणजे तुला लागली."

"लागली."

"मग तार तुझ्याकडेच राहू दे."

त्यानं खुंटीवरचा कोट अंगात चढवला आणि बटणं लावून घ्यायला मुकाट्यानं तिच्यासमोर येऊन उभा राहिला.