चाळिसावा धडा

आमच्या घरात एक जर्मन माणूस राहायचा. शंभर वर्षांपूर्वी मेलेला, पण हुकूम त्याचाच चालायचा. नाव गोटलीब हाग्नर. हा कुण्या राजाच्या पदरी चेलो वाजवायचा. चेलो म्हणजे सारंगीच्या जातीचं, पण छातीएवढं उंच वाद्य. खुर्चीत बसून गुडघ्यांत धरून वाजवायचं. राजाचं राज्य गेलं, याची नोकरी गेली आणि नऊ पोरांना खायला घालायला यानं शिकवण्या धरल्या. मग साठ धड्यांचं पुस्तक लिहिलं. पहिल्याच पानावर नियम: गुरूची सही झाल्याशिवाय शिष्यानं पान उलटू नये.

हा नियम उदगीरमध्ये एका माणसानं पाळला. तो माझा नवरा, ईश्वरप्पा. धंदा किराण्याचा, पण जीव चेलोत. महिन्यातून एकदा रेल्वेनं हैदराबादला पिंटो मास्तरांकडे शिकायला जायचे. एकोणचाळीस धड्यांवर सह्या झाल्या आणि मास्तर वारले. चेलो आणि पुस्तक आमच्या ह्यांच्या नावानं ठेवून गेले. चाळिसाव्यावर सही तेवढी राहिली.

तेव्हापासून अकरा वर्षं रोज सकाळी चाळिसावा धडा. मी भाकरी थापत ऐकायचे. शेजारची सिद्धम्मा विचारायची, "दुसरं काही येत न्हाई का त्यांना?"

"येतंय की. परवानगी न्हाई."

एकदा न राहवून मी म्हणाले, "अहो, उलटा की पान. जर्मन काय बघायला येतोय?"

"म्हणूनच," हे म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, त्यातली दोन कोरडी. चेलोचं लाकूड वाळलं आणि त्याच्या पोटाला चीर पडली. प्यायच्या हंड्यातलं पाणी घेऊन मी फडकं भिजवून आत ठेवायचे, तरी चीर वाढतच होती. वाद्य पावसाळ्यापर्यंत टिकेल असं वाटेना. वाजवून झालं की हे पुढच्या पानाची कड अंगठ्यानं चाचपायचे. ते मला बघवत नव्हतं.

नव्या जिल्ह्यानं पाणी नाही दिलं, साहेब मात्र भरपूर दिले. दाखला असो, टँकरचा अर्ज असो, साहेबाची सही लागायचीच. मग हाग्नरच्या पुस्तकानंच काय घोडं मारलं होतं? मी पुस्तक पिशवीत घातलं आणि तहसील कचेरीत टँकर मागायला आलेल्यांच्या रांगेत उभी राहिले.

तहसीलदार पंचशीला सोनकांबळे कंधारकडच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत.

"मूळ बघितल्याबिगर मी कशावरच सही करत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना वाजवायला आणा."

"ऐकून सही करणार असतील तर चालतंय," म्हणत दुसऱ्या दिवशी हे कचेरीच्या व्हरांड्यात स्टुलावर बसले. कपाळावर विभूती, अंगात इस्त्रीचा शर्ट. टँकर मागणारे अर्ज हातात धरून भोवती उभे. वाजवून झालं.

"मला यातलं काही कळत नाही," बाई म्हणाल्या, "पण मधी एकदा तुम्ही थांबलात. तिथं थांबा लिहिलाय का?"

यांनी पुस्तकात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"न्हाई. मास्तर तिथं मला थांबवायचे. दरवेळी. 'हळू, ईश्वर, हळू' म्हणायचे."

अकरा वर्षं हा माणूस मास्तरांच्या बोलण्यापुरती जागा सोडत होता.

"आता थांबू नका," बाई म्हणाल्या.

यांनी पुन्हा वाजवलं. थांबले नाहीत, फक्त डोळे वाहत होते. बाईंनी 'समक्ष ऐकले' असं लिहून सही केली, वर गोल शिक्का मारला आणि पुढचा अर्ज घेतला.

घरी येऊन यांनी हात धुतले आणि पान उलटलं. धडा एक्केचाळीस. दोन चेलोंसाठी: वरची ओळ शिष्याची, खालची गुरूची.

मी त्या जर्मनाला मनसोक्त शिव्या दिल्या. मग हे उठले, मला खुर्चीत बसवलं आणि वाजवायचा गज माझ्या हातात दिला.

"बस अशी. धडा पैला."

"अन् दुसरा चेलो कुठून आणणार हाव तुमी?"

"चाळीस होऊ दे. मंग बघू."

पाऊस आला, चीर वाढायची थांबली. माझं वय त्रेपन्न. पहिल्या धड्यावर अजून सही झालेली नाही. दुसऱ्या ओळीत मी रोज चुकते आणि हे रोज म्हणतात, "हळू, महादेवी, हळू."