सान पेद्रोच्या किल्लीतला करंट

नेमेसियोने आदल्या दिवशी धक्क्यावर छाती ठोकून सांगितलं होतं, "सान पेद्रोचा मुकुट असा उजळेल ना, की वरून देवसुद्धा वाकून बघेल!" यंदा कोळ्यांच्या या संताची मूर्ती कासियानोच्या लाँचवरून समुद्रात फिरणार होती. बॅटरीला इन्व्हर्टर जोडून मुकुटाची दिव्यांची माळ नि भोंगा चालवायचं काम वस्तीतल्या एकुलत्या एक वायरमनकडे, म्हणजे याच्याकडे आलं. काम साधंच. पण चाचणीत, करंट गळला की वीज तोडणारा तो छोटा स्विच सारखा पडायला लागला. गळती शोधायची सोडून शहाण्याने स्विचच काढून टाकला! घाई होती म्हणे. घाई कसली, माज होता.

सणाच्या सकाळी धुक्याची भुरभुर होती, लाँचच्या फळ्या चिंब. रिवाजाप्रमाणे नवसाची माणसं अनवाणी चढली आणि मूर्तीच्या हातातल्या स्वर्गाच्या पितळी किल्लीचं चुंबन घ्यायला रांग लागली. पहिली ओतिलिया; वयाच्या मानाने सगळी वस्ती तिला 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायची. तिचा राउल तीन वर्षांपूर्वी तिच्याशी भांडून समुद्रावर गेला, तो परत आलाच नाही. जाताना ती त्याला "जा, मर तिकडे" म्हणाली होती, हे सगळ्या वस्तीला ठाऊक.

तिने ओठ टेकवले आणि दचकून मागे सरली.

"अगं बाई! मुंग्या आल्या ओठांना! संताने हात लावला मला! राउलने माफ केलं गं, माफ केलं!" म्हातारी हमसून हमसून रडायला लागली.

नेमेसियोला लगेच कळलं. माळेची वायर मुकुटाच्या पत्र्यावर घासून सोलली होती आणि ओल्या मूर्तीवरून करंट किल्लीपर्यंत उतरला होता, दुसरं काय! त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात कासियानोने त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघा रे, माझ्या कोम्पाद्रेची, माझ्या जिवलग दोस्ताची करामत! संत जागा केला पठ्ठ्याने!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेमेसियोने तोंड मिटलं.

आणखी पाच जण झाले. मुंग्या यायच्या, डोळे पाणावायचे, मागचा पुढे सरकायचा. प्रत्येक वेळी तो मनात म्हणे, हा झाला की सांगतो. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती. मग कासियानोची सून पुढे आली. कडेवर सात महिन्यांचं पोर, बोटं लाळेने ओलीगच्च. तिने पोराची मूठ उघडून किल्लीकडे नेली.

"थांब! हात लावू नकोस!" नेमेसियो माणसांना ढकलत धावला आणि त्याने इन्व्हर्टर बंद केला. मुकुट विझला, भोंग्यावरचं भजन मध्येच तुटलं. "करंट आहे. मूर्तीत करंट उतरलाय. माझी चूक आहे."

"अरे गाढवा!" कासियानो पांढराफटक पडला. "माझा नातू गेला असता की रे! बोलला का नाहीस आधी?"

"लाज वाटली."

ओतिलिया गर्दीतून वाट काढत त्याच्यासमोर आली.

"मला मुंग्या आल्या, तेव्हाच कळलं होतं तुला?"

त्याने मान खाली घातली. "हो, दोन्या."

"आणि मला रडू दिलंस."

तिने शालीचं टोक घेतलं आणि सगळ्यांदेखत आपले ओठ पुसून काढले.