प्रेमलाच्या दाताचा नवा कोपरा

मी प्रेमलाच्या पुढच्या दाताचा कोपरा बोलतोय. मूळचा नव्हे, तो भाजलेला चिंचोका फोडताना गेला. त्याच्या जागी मला बसवलं. आणि खरं सांगतो, पार वैतागलोय.

माझा जन्म सोलापुरात, दातांच्या एका डॉक्टरांकडे झाला. त्यांनी आधी रंगांचे नमुने प्रेमलाच्या दाताशी धरून पाहिले, मग काचेवर भुकटी आणि औषध कालवलं आणि मी घट्ट होईपर्यंत मला दाबून धरलं. आरशात दात कुठं संपतो नि मी कुठं सुरू होतो, हे प्रेमलालाही कळेना.

"चिंचोके, ऊस बंद. आणि मिसरी तर अजिबात नको. हे सिमेंट डाग धरतं," डॉक्टर म्हणाले. तिच्या वडिलांनी, कचेरीतल्या रामलिंग कारकुनांनी, मान डोलावली.

एवढं करून घरी आलो, तर प्रेमलाचा हात तोंडावरच! दात तुटल्यापासूनची सवय. बोलताना हात, हसताना हात. अहो, मग मला बसवलं कशाला? तळहाताकडं बघत बसायला?

पुढं शाळेच्या संमेलनात तिला राणीचं काम मिळालं. बाई म्हणाल्या, "पाठांतर चोख आहे तुझं. पण राणी तोंडावर हात धरून हुकूम सोडते का गं? हात खाली आला नाही, तर काम लीलाला देईन."

नेमक्या तेव्हाच बेंबळीहून नागूबाईआत्या राहायला आल्या. मिसरीनं त्यांचे दात काळेभोर, पण फुटाणे कडाकडा फोडणारे.

"डाक्टरला काय कळतंय? चिकटवल्यालं हाय, पडंल की! मिसरीनं कसा खिळ्यावानी बसतो बघ."

रोज सकाळी त्या प्रेमलाला न्हाणीपाशी बसवून बोटानं मला रगडायच्या. ती भिडस्त, तिला नाही म्हणवेना. मी आतून ओरडत होतो, पण दाताचं ऐकतो कोण? ठणकल्याशिवाय त्याची आठवणही होत नाही कुणाला.

चूळ भरली की दात पांढरा व्हायचा. मी मात्र आधी पिवळा, मग तपकिरी झालो. आरशात मला पाहून प्रेमला हात आणखी घट्ट धरायला लागली. एका तालमीत बाईंनी शेवटचं बजावलं. ती रडवेली घरी आली, तर आत्या ओसरीवर मिसरीची डबी उघडून तयार!

"आत्या, डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं होतं! कुणाचं ऐकता का तुम्ही? माझा दात हाय तो! पुन्हा बोट लावायचं न्हाय!"

तिचे दोन्ही हात कमरेवर होते. मी पहिल्यांदाच उघड्यावर आलो, तोही असा काळवंडून.

आत्यांनी डबी खाली ठेवली. मग काळे दात दाखवत खदखदून हसल्या. "अगं बया! आवाज हाय की पोरीला! रामलिंगा, ऐकलंस का? घरात राणी हाय, अन् मला ठावं न्हाय!"

राणीचं काम प्रेमलानंच केलं. ऐन हुकूम सोडताना पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "दात बघ गं तिचा!" तिनं ऐकलं, मीही ऐकलं. तिचा हात उचलला गेला, छातीपर्यंत आला... आणि त्याच हातानं तिनं सेनापतीला बाहेरची वाट दाखवली.

आता मी कडेनं झिजलोय. डॉक्टर मला खरवडून नवा बसवणार आहेत. जाताना एवढंच मागणं: आत्या, त्याला मिसरी लावू नका. आणि प्रेमला, त्याला तुझा तळहात दाखवू नकोस. मी लई पाहिलाय.