कुलूपबंद घराचं बिल

मोनिकानं मोबाइल घरमालकिणीच्या पुतण्याच्या, सुदर्शनच्या नाकासमोर धरला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"हे बघा. चार मार्च, सकाळी साडेदहा. टेम्पो दारात उभा होता तेव्हा काढलाय. मीटरचं रीडिंग तीन हजार तीनशे शेहेचाळीस. माझं बिल इथं संपलं."

सुदर्शननं फोटोकडं धड पाहिलंही नाही. हातातलं बिल उलगडून त्यानं जिन्याच्या कठड्यावर पसरलं आणि त्यावर बोट टेकवलं.

"आणि हे एप्रिलचं. तीन हजार तीनशे एक्याऐंशी. पस्तीस युनिट. घराला कुलूप, आत माणूस नाही, काडीचं सामान नाही. मग वहिनी, लाईट जाळली कुणी? भुतानं ब्लाउज शिवले का?"

पस्तीस युनिटांचं बिल ते केवढं! चारशेच्या आत. एवढ्यासाठी गंगापूरचा माणूस रविवारी सकाळची एसटी धरून पुंडलिकनगरात येत नाही. पण सुदर्शनचं भांडण पैशाचं नव्हतंच, चावीचं होतं. मोनिकानं घर सोडताना एक चावी दिली आणि दुसरी ठेवून घेतली, दुपारी वर राहणारी काकी झोपली की ती नाहीतर तिचा नवरा मागून येऊन घर वापरतात, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तसं तो गल्लीत दोघातिघांजवळ बोललाही होता. आणि बिलाचा निकाल लागल्याशिवाय पंचवीस हजारांचं डिपॉझिट मिळणार नाही, हे त्यानं फोनवरच सुनावलं होतं.

देवळाईच्या नव्या फ्लॅटचा हप्ता त्या डिपॉझिटवर अडला होता. ते तरी कसंबसं निभलं असतं. पण मोनिकाची सगळी गिऱ्हाइकं याच गल्लीतली. समोरच्या गेटात दोघी जणी मघापासून एकच चादर झटकत उभ्या होत्या. दोघींचे ब्लाउज मोनिकाकडं शिवायला पडले होते. ज्या बाईनं दुसऱ्याच्या घराची चावी दाबून ठेवली, तिच्या हातात आपलं कापड कोण देईल?

"चावी एकच होती आणि ती मी मावशींच्या हातात दिली," मोनिका मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. "विचारा त्यांना."

वच्छलाबाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या. बहात्तरीची घरमालकीण, नवरा एसटीत कंडक्टर होता, तो गेल्यावर वरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. सगळे कागद पुतण्याच पाहायचा, म्हणून त्याच्यापुढं त्यांचा आवाज निघत नसे.

"दिली व्हती तिनं," त्या म्हणाल्या. मग थांबून हळूच म्हणाल्या, "पण दुसरी ऱ्हायली असंल तर सांग गं पोरी. मी नाय रागवायची."

हे मोनिकाला झोंबलं. सुदर्शनचं सोडा, तो परका माणूस. पण सहा वर्षं जिच्या डोळ्यांसमोर काढली, त्या बाईनं असं विचारावं? तिचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

"मग असं करू," सुदर्शन म्हणाला. "चांदपाशा वायरमनला बोलावतो. मीटरमध्येच काही खोट असेल तर तेही कळेल. दूध का दूध."

मोनिकाला तो यायला नको होता.

कारण मीटरमध्ये खोट होती. हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. दोन मोटारीच्या मशिनी, दिवसभर इस्त्री, फ्रीज, उन्हाळ्यात कूलर, आणि बिल यायचं साडेतीनशे. तिच्या बहिणीला एवढ्याच पसाऱ्याला दोन-अडीच हजार येत. तिनं अतुलला, नवऱ्याला, एकदा बिल दाखवलंही होतं. तो हसला होता. "मीटर सुस्त आहे. गप बस, कुणाला बोलू नको. कंपनीचं काय जातंय?" ती गप्प बसली. पहिले काही महिने बिल आलं की मनाला टोचायचं, मग टोचायचंही थांबलं. गिऱ्हाइकांना ती सांगायची, मी बाई फार जपून वापरते. आता चांदपाशानं मीटर सुस्त आहे म्हटलं की गेली अब्रू! चावीचा आळ परवडला, वीजचोर म्हणून गल्लीत नाव झालं तर कुठं तोंड दाखवायचं?

"कशाला उगाच त्यांना रविवारी," ती म्हणाली. "एवढंसं तर बिल आहे. मी भरते. मिटवून टाका."

सुदर्शनच्या भुवया वर गेल्या.

"बघा! आत्ता तर एक रुपया देणार नव्हता. आता भरते म्हणता. काकी, ऐकलं ना?"

समोरची चादर झटकायची थांबली. आपण काय बोलून बसलो हे मोनिकाच्या ध्यानात आलं, पण तोवर सुदर्शननं फोन कानाला लावला होता.

चांदपाशा यायला वीस मिनिटं लागली. ऊन जिन्यापर्यंत आलं. मग वच्छलाबाईच बोलायला लागल्या.

"मला मातर या खेपंला बिल लई कमी आलं बघ. नुसतं शंभर-दीडशे. देवानं ऐकलं म्हणायचं."

"रीडिंग घेतलं नसेल काकी," सुदर्शन म्हणाला. "पुढच्या महिन्यात सगळं एकदम येईल."

"नको रे बाबा असं बोलू." त्या मोनिकाकडं वळल्या. "दोन-दोन हजार यायचं मला. एकट्या बाईला! ऑफिसात तीनदा गेले. मीटर चांगलं हाय म्हणले, वापर कमी करा म्हणले. केला. कूलर देऊन टाकला, फ्रीज इकला. मे महिन्यात गच्चीवर झोपायची. तरी येतंच व्हतं. आता कुठं उतरलं."

मोनिका हं म्हणाली. तिचं लक्ष गल्लीच्या तोंडाकडं होतं.

चांदपाशा पन्नाशीचा, गल्लीतल्या निम्म्या घरांची वायरिंग त्याच्या हातची. मोटारसायकल लावून त्यानं वच्छलाबाईंना सलाम केला, दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या मीटरांसमोर उभा राहिला. दोन मीटर शेजारी शेजारी, त्यांच्याखाली ऑइलपेंटनं लिहिलेलं, एकावर 'खाली', दुसऱ्यावर 'वर'.

"मीटर को हात नक्को, सील हाय," तो म्हणाला. "आधी मेन पाडून बघू. करंट कुठं जातोय ते तर कळू दे. काकी, वर काय चालू हाय?"

"काय बी नाय. दिवसा काय लावायचं?"

"एक ट्यूब लावा जाऊन. आन् तिथंच थांबा."

वच्छलाबाई गुडघ्यावर हात ठेवत वर गेल्या. "लावली!" असं त्यांनी वरून सांगितलं. चांदपाशानं 'खाली' लिहिलेल्या मीटरचा खटका पाडला. मोनिकानं पर्सचा पट्टा मुठीत घट्ट धरला.

"अरं, गेली की लाईट!" वरून आवाज आला.

"तुम्ही वरचा पाडला," सुदर्शन म्हणाला.

"वरचा कुठं? हा बघा, खालचा पाडला."

त्यानं खटका चढवला. "आली!" पुन्हा पाडला. "गेली!" मग त्यानं सुदर्शनकडून चावी घेतली, खालचं घर उघडलं, टेस्टर घेऊन आत दोन फेऱ्या मारल्या आणि बाहेर येऊन हात पुसले.

"वायरा उलट्या लागल्यात. 'खाली' लिवलंय ते मीटर वरचं घर मोजतंय. 'वर' लिवलंय ते खालचं."

"कधीपासून?"

"मीटर घरातून बाहेर भिंतीवर आणले तवापासून. ज्यानं कुणी जोडलं त्यानं अदलाबदल केली. सात वर्षं तरी झाली असतील."

सुदर्शननं कपाळावर हात मारला.

"म्हणजे हे पस्तीस युनिट काकीचेच! वहिनी, चुकलं माझं. चावीचं बोललो ते मागं घेतो, सगळ्यांदेखत घेतो." माणूस वाईट नव्हता. समोरच्या गेटाकडं वळून त्यानं खरंच मोठ्यानं सांगितलं, "यांची काही चूक नाही हो, वायरिंगचा घोळ होता." आणि शर्टाच्या खिशातून डिपॉझिटचं पाकीट काढून मोनिकाच्या हातात दिलं. बरोबर आणलंच होतं त्यानं.

मोनिकानं ते घेऊन पर्समध्ये ठेवलं. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं. मीटर सुस्त नव्हतं. कुणी तिला चोर म्हणणार नव्हतं. कंपनीला तर एक पैसा कमी गेला नव्हता, कंपनीनं युनिटन् युनिट वसूल केलं होतं.

वसूल केलं होतं, पण कुणाकडून?

दोन-दोन हजार यायचं मला, असं मावशी मघाशीच म्हणाल्या होत्या.

मे महिन्यात दुपारी वच्छलाबाई स्टीलची बाटली घेऊन खाली यायच्या. "थंड पाणी देती का गं?" मोनिका फ्रीजमधून बाटली भरून द्यायची, वर दोन बर्फाचे खडे टाकायची, आणि गिऱ्हाइकाला डोळा मारून म्हणायची, म्हातारी भलती चिक्कू, पेन्शन कुठं गाडून ठेवते कोण जाणे. बाटली घेताना वच्छलाबाई दर वेळी म्हणायच्या, बरकत येईल पोरी तुझ्या घरात. आणि बरकत आलीही होती. फ्लॅट झाला होता.

चांदपाशा सामान पिशवीत भरत होता. मान वर न करता त्यानं हळूच विचारलं, "ताई, मशिनी किती होत्या तुमच्या?"

"दोन," मोनिका म्हणाली. "आणि इस्त्री."

त्यानं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि पिशवीची चेन ओढली. "उद्या येऊन सुलट करून देतो," एवढंच तो सुदर्शनला म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला. हिशोब करायचं त्याचं काम नव्हतं. सुदर्शनच्या डोक्यात हिशोब अजून आला नव्हता, तो घड्याळ बघत परतीच्या गाडीचा विचार करत होता. मोनिकाची स्कूटी गेटाजवळच होती.

वच्छलाबाई एकेक पायरी उतरत खाली आल्या. चेहरा नुसता फुलला होता. त्यांनी मोनिकाच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

"मला ठावं व्हतं, माझी पोरगी खोटी नाय. पस्तीसच युनिट लागत्यात मला, ऐकलं का? मी म्हणतच व्हते. चला, च्या टाकते. दूध हाय थोडं."

मोनिकानं गेटाकडं पाहिलं, स्कूटीकडं पाहिलं, आणि खालच्या पायरीवर बसली.

"मावशी, तुमची जुनी बिलं ठेवलीत का?"

"हायेत की एकूण एक. पत्र्याच्या पेटीत. का गं?"

"घेऊन या. सहा वर्षांची, सगळी."

सुदर्शन हसला. "अहो वहिनी, आता कशाला ते? मिटलं ना सगळं."

मोनिकानं पर्समधून पाकीट बाहेर काढलं आणि शेजारी पायरीवर ठेवलं.

"नाही मिटलं," ती म्हणाली.