निळं मांस

एप्रिलच्या शेवटी तो पाऊस पडला तेव्हा माझे सासरे आन्ता आमच्या उत्तरेकडच्या डोंगरावर कळपाबरोबर होते. रेनडिअरच्या माद्या विण्याच्या बेताला आलेल्या, त्यामुळे त्यांनी आडोसासुद्धा घेतला नाही. घरी आले ते निथळतच. कोट चुलीपाशी टांगत म्हणाले, "यंदा दगडफूल जोमात येणार. जनावरं धष्टपुष्ट होतील."

काही दिवसांनी रेडिओवर सांगितलं, की रशियात अणुभट्टी फुटली आणि तिकडचं विष या पावसातून आपल्या डोंगरांवर उतरलंय.

"रशियाकडून आजवर आपल्याला काही फुकट मिळालंय का?" आन्ता म्हणाले. माझा नवरा क्लेमेट हसला. मीही हसले. आमची मुलगी ब्रीता तेव्हा माझ्या पोटात होती.

उन्हाळा नेहमीसारखाच आला. तळ्यात मासे, दलदलीत पिवळ्या बेरी, उतारावर गवत. कशाला वास नाही, कशावर डाग नाही. सरकारी माणसं मासे आणि बेरी तपासायला डब्यांत भरून घेऊन गेली आणि मग कळवलं, की यातलं काही खाऊ नका. गरोदर बायकांनी तर नाहीच नाही. ते विष दगडफुलातही मुरलं होतं आणि जनावरं तेच चरत होती.

सप्टेंबरात कत्तल असते. त्या वर्षी कुंपणापाशी पशुवैद्य बाई विष मोजायचं यंत्र घेऊन उभ्या होत्या. सोललेल्या जनावराच्या मांडीला त्या यंत्र लावायच्या आणि नाही म्हणून मान हलवायच्या. मग दोन माणसं त्या मांसावर निळा रंग फवारायची, कुणी चोरून खाऊ नये म्हणून. पलीकडे खड्डा खणून ठेवला होता.

आन्ता कानावरच्या खुणेवरून एकेक जनावर ओळखत होते. एका नरापाशी थांबून त्यांनी विचारलं, "बाई, हा आजारी होता का?"

"नाही."

"हडकुळा?"

"नाही हो. तब्येत उत्तम होती."

"मग?"

"मांस खाण्याजोगं नाही, आजोबा."

आन्तांनी टोपी काढली. खड्डा बुजेपर्यंत ते तसेच बोडक्या डोक्याने उभे राहिले. भरपाई मिळाली म्हणून शेजारी त्यांना समजावत होते. ते त्यांनी ऐकलंसुद्धा नसावं.

बर्फ पडायला लागल्यावर त्यांनी कुणाला न सांगता एक जनावर घरी आणलं आणि जुन्या रीतीने स्वतः मारलं. रक्तात पीठ कालवून गोळे उकडले, जीभ शिजवली. आमच्यात बाळंतिणीला नळीचं हाड पहिलं वाढतात. त्यांनी ते फोडून माझ्या ताटात ठेवलं. ब्रीता माझ्या अंगावर पीत होती.

"बाबा, मला नको."

"का गं?"

"पोरीला पाजतेय मी."

"माझ्या हातचं विष वाटतं तुला?"

"तुमच्या हाताला मी काही म्हणत नाही, बाबा."

त्यांनी ताट क्लेमेटपुढे सरकवलं. तो म्हणाला, "मी जेवून आलोय."

"कुठून? जंगलातून?"

आन्तांनी ते हाड स्वतःकडे ओढलं आणि सावकाश, पूर्ण साफ होईपर्यंत चोखलं.

तेव्हापासून घरात दोन भांडी चुलीवर चढायला लागली. त्यांचं एक, आमचं एक. ब्रीता रांगायला लागली आणि जेवणाच्या वेळी नेमकी त्यांच्या मांडीकडे जायची. मी तिला उचलून घ्यायची. एक दिवस ते आपलं ताट घेऊन मागच्या गवती झोपडीत जेवायला गेले आणि मग तिथेच जेवू लागले. मी त्यांना परत बोलावलं नाही.

पुढच्या वर्षीही अर्धा कळप निळा झाला. "पुरायचाच असेल तर वाढवायचा कशाला?" असं म्हणून क्लेमेट खाली गावात लाकडाच्या वखारीवर कामाला लागला. डोंगरावर म्हातारा एकटा राहिला.

ब्रीता शाळेत जायला लागली त्या साली आन्तांच्या पोटात गाठ निघाली. मी डॉक्टरांना एका बाजूला घेऊन विचारलं, "त्या मांसामुळे झालं का?"

"झालंही असेल, नसेलही. या वयात असं कुणालाही होतं."

हो म्हणाले असते तर माझं खरं ठरलं असतं. पण मला तेही नको होतं.

आन्तांनी खाटेवरून विचारलं, "काय म्हणाला?"

"सांगता येत नाही म्हणाले."

"म्हणजे आपलं भांडण काही मिटलं नाही, पोरी," ते म्हणाले आणि माझा हात धरून पडून राहिले.

ते गेले तेव्हा दूरदूरच्या वस्त्यांवरून माणसं आली. आन्तांची थोरली बहीण मारेत आली. जन्मभर कळपामागे चाललेली बाई. जेवणाच्या वेळी तिने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि मला हळूच विचारलं, "कुठल्या डोंगरावरचं गं हे?"

"दुकानातलं डुकराचं आहे, आत्या."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि तिने ताट पुढे केलं.