सर्वानुमते मंजूर

कुंभारीण शाळेच्या समितीवर पालकांची प्रतिनिधी होऊन दोन वर्षं झाली होती, पण बैठक कशी असते ते तिनं अजून पाहिलं नव्हतं. बैठकच चालत तिच्या दारात यायची. शाळेचा शिपाई वही काखोटीला मारून उभा राहायचा, हिचे हात कोपरापर्यंत चिखलात. मग तो वही खाली धरायचा आणि ही चिखलाचाच अंगठा टेकवायची. सातवी शिकलेली बाई, पण वाचायला सवड कुणाला? झाली बैठक!

त्या दिवशी मात्र आभाळ गच्च भरलेलं. थापलेली मडकी वाळेनात, म्हणून ती हात धुऊन ओसरीवर बसली होती.

"वहिनी, अंगठा," शिपाई म्हणाला.

"हात मोकळे आहेत आज. आण, सहीच करते."

"वाचण्यासारखं काही नाही हो त्यात."

"मग वाचलं तर तुझं काय बिघडतं?"

तिनं ओळीखाली बोट धरून वाचलं. शाळेच्या मागच्या दोन खोल्या अध्यक्षांच्या खताच्या पोत्यांना द्याव्यात, चारही वर्ग एकाच खोलीत बसवावेत. ठराव मांडला पालक प्रतिनिधींनी. सर्वानुमते मंजूर! खाली अध्यक्षांची सही, शिक्षकांतर्फे मास्तरांची सही. तिसरी जागा हिच्यासाठी मोकळी.

तिचं डोकंच फिरलं. लेक दुसरीत, आत्ता कुठं धडा वाचायला लागलेली. चार वर्गांच्या कालव्यात ती काय कप्पाळ शिकणार?

"हे मी मांडलं? कधी रे मांडलं?"

"तसं लिहायची पद्धत असते, वहिनी. द्या ना वही."

"वही इथंच राहील. ज्याला बैठक घ्यायची त्यानं इथं यावं."

तासाभरात अध्यक्ष आला. खताचं दुकान याचं, पोरं शहरातल्या शाळेत. पुतण्याचं नाव इथल्या पटावर घालून हा पालक झालेला. मागून मास्तर, मान खाली घालून.

"वही टाक इकडं," अध्यक्ष गुरकावला.

"बसा की. तिघंही आलो, म्हणजे बैठकच झाली. मास्तर, तुम्ही वाचून सही केलीत?"

"वाचलं होतं," मास्तर पुटपुटले. "पण बदलीची भीती असते हो."

"अहो, मग तुम्ही शिक्षकांचे प्रतिनिधी की भीतीचे? उद्या चार वर्ग एकदम कोण सांभाळणार, हे खतवाले?"

मास्तरांनी घाम पुसला. अध्यक्षाकडे न बघता पेन काढलं आणि आपल्या सहीवर आडवी रेघ ओढली. कुंभारणीनं त्याच पेनानं टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'हा ठराव मी मांडलेला नाही. मला नामंजूर.' आणि खाली पूर्ण सही ठोकली.

अध्यक्षाचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो शिपायावर खेकसला, "या बाईला समितीत घ्यायची अक्कल कुणाची?"

"तुमचीच, साहेब," शिपाई म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होतात, हिला घ्या, ही तोंड उघडायची नाही."