भिमाजींचा लोकसहभाग

मांडवसरच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, तेव्हापासून भिमाजींना बोलायला विषय कधी कमी पडला नाही. बाजारतळाच्या कोपऱ्यावर त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आणि दुकानामागेच घर. शेतकरी कपाशीवरच्या माव्याचं औषध न्यायला यायचा आणि औषधाबरोबर नगरपंचायतीचा सगळा कारभार ऐकून जायचा. "निर्णय घ्या, पन लोकांना इचारून घ्या," हे भिमाजींचं ठरलेलं वाक्य. गावाला ते पाठ होतं. भिमाजींना स्वतःला तर ते इतकं आवडायचं, की बोलून झालं की ते क्षणभर थांबायचे आणि चष्मा पुसायचे.

यंदा नगरपंचायतीने बाजारतळाच्या तोंडाशी स्वागत कमान बांधायचं काढलं. भिमाजींनी सभेला जाऊन ती उभी राहण्याआधीच पाडली.

"कमानीखालून येऊन आमच्या आयाबहिनींनी करायचं काय?" ते म्हणाले. "बाजारच्या दिवशी सकाळपासून उन्हात बसत्यात. त्यांना जायला एक आडोसा न्हाई. आधी बायांसाठी स्वच्छतागृह बांधा. आन कुठं बांधायचं, ते बायांना इचारा."

टाळ्या पडल्या. कमान बारगळली. त्या प्रभागाची नगरसेविका रोहिणी नवी होती, शिकलेली होती, आणि नवऱ्याला सभागृहाबाहेरच्या बाकड्यावर बसवून आत स्वतः बोलायची. तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "पुढच्या आठवड्यात प्रभागसभा घेऊ. जागा बायाच ठरवतील."

भिमाजी घरी आले ते रुबाबात. बायकोला, मनकर्णाला, त्यांनी सगळं भाषण पहिल्यापासून ऐकवलं, टाळ्या कुठे पडल्या तेही सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"बरं झालं," एवढंच ती म्हणाली.

कौतुकाच्या बाबतीत ही बाई लग्नापासून हात आखडूनच आहे, असं मनाशी म्हणत ते हातपाय धुवायला उठले.

प्रभागसभा मारुतीच्या मंडपात भरली. बाया एवढ्या आल्या, की पुरुषांना कडेला उभं राहावं लागलं. भिमाजींना मात्र पुढे खुर्ची मिळाली. रोहिणीने जागा सुचवायला सांगितलं. एकीने स्टँडमागची जागा सांगितली, तर तिथे दारुडे बसतात. दुसरीने जुन्या विहिरीचं नाव घेतलं, तर भाजीची पाटी सोडून एवढं लांब कोण जाणार? मग कडूबाई उठली. ही दर बाजारी भाजी घेऊन बसणारी.

"भिमाजीदादांच्या दुकानाला लागून मोकळी जागा हाय न्हवं का, नगरपंचायतीचीच? तितंच बांधा. आमच्या पायाला ती वाट वळनी पडल्याली हाय."

"वळणी म्हणजे?" रोहिणीने विचारलं.

"म्हंजी आमी समद्या तितंच जातो की. मनकर्णावहिनींच्या मागल्या दारानं. बाजारच्या दिशी वहिनी दार उघडं ठिवत्यात, पिपात पानी भरून ठिवत्यात. एवढी वर्सं झाली, कंदी तोंड वाकडं केलं न्हाई."

चारही बाजूंनी बायांच्या माना हलल्या. भिमाजींनी मागे वळून पाहिलं. मनकर्णा पदर सावरून बसली होती आणि जागेला मत म्हणून तिचा हात सगळ्यांच्या आधी वर गेलेला होता. त्यांनी बाजारचे दिवस आठवून पाहिले. आपण गल्ल्यावर, घराकडे पाठ, समोर ऐकायला माणसं. आयाबहिणींना आडोसा नाही हे आपण पुढे ओरडून सांगत होतो, तेव्हा आयाबहिणी आपल्याच पाठीमागून येत-जात होत्या. आणि आपल्या घरात बाजारच्या दिवशी नळाचं भरून ठेवलेलं पाणी लवकर का संपतं, यावरूनही आपण नगरपंचायतीलाच शिव्या घालत होतो.

"विरोधात कोणी?" रोहिणीने विचारलं. भिमाजींचा हात अर्ध्यापर्यंत वर आला आणि कान खाजवून खाली गेला.

घरी आल्यावर ते म्हणाले, "मला कंदी बोलली न्हाईस."

"तुमी कंदी इचारलं न्हाई," मनकर्णा म्हणाली आणि ताट वाढायला गेली.

जेवणानंतर भिमाजींना जे सुचलं ते बोलण्यासारखं नव्हतं. त्यांना बायकोचा अभिमान वाटत होता, हे खरं. पण त्या मोकळ्या जागेवर त्यांच्या खताच्या गोण्यांची थप्पी होती आणि वर ताडपत्री होती, हेही तेवढंच खरं. जागा नगरपंचायतीची आहे, हे ते इतक्या वर्षांत सोयीने विसरले होते.

दोन दिवसांनी ते रोहिणीच्या घरी गेले.

"जागा चुकीची हाय, रोहिणी. दुकानाला वास येईल."

"मामा, तुमचं दुकान खताचं आहे," रोहिणी शांतपणे म्हणाली.

"गिऱ्हाईक तुटंल."

"मग पुन्हा एकदा लोकांना विचारू या का?"

"लोकांना काय कळतंय?" भिमाजी म्हणाले. आणि हे नेमकं कोण बोललं, ते पाहावं तसं त्यांनी आजूबाजूला पाहिलं. ओसरीवर दोघांशिवाय कोणी नव्हतं.

"हरकत असेल तर सर्वसाधारण सभेत मांडा," रोहिणी हसू आवरत म्हणाली. "तो तुमचा हक्कच आहे."

एकट्याची हरकत बरी दिसणार नाही, म्हणून भिमाजी बाजारतळावरच्या दुकानदारांना गाठायला निघाले. भांड्यांच्या दुकानदाराने तोंड उघडण्याआधीच त्यांचा हात हातात घेतला. "दादा, लई मोठं काम केलंत. माझी सून नाव काढीत होती तुमचं." शिंप्याने चहा पाजला. किराणावाल्याने तर आपल्या आईला हाक मारून बाहेर बोलावलं, आणि त्या म्हातारीने भिमाजींच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्यानंतर पुढच्या दुकानाकडे त्यांची पावलंच वळेनात.

सर्वसाधारण सभेच्या दिवशी मात्र ते मन घट्ट करून गेले. ठराव वाचून झाला. मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, "कोणाची हरकत?" भिमाजी उभे राहिले. मागच्या खुर्च्यांवर कडूबाई होती, तिच्याशेजारी मनकर्णा.

"माझी हरकत हाय," ते म्हणाले. पुढचं सगळं त्यांनी घोकून आणलं होतं. पण उभं राहिलं की जीभ सरावाची वाट धरते. "निर्णय घ्या, पन लोकांना इचारून..." इथे ते अडकले, कारण लोकांना विचारून झालं होतं. कोणीतरी खुदकन हसलं. मनकर्णा त्यांच्याकडे बघत होती; रागाने नव्हे, घाट चढताना अडलेल्या बैलाकडे बघावं तशी.

"माझी हरकत अशी हाय," ते सावरून म्हणाले, "की या ठरावात पान्याचा उल्लेखच न्हाई. पानी न्हाई म्हंजी म्हैन्याभरात कुलूप. इमारत बांधता आन पान्याचं इसरता, ह्याला काय कारभार म्हनायचं? आधी पान्याची सोय करा. आन नगरपंचायतीची लाईन येईस्तोवर माझ्या बोअरचं पानी घ्या."

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. भिमाजी खाली बसले, आणि बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण पाणी देऊन बसलो. ठराव मंजूर झाला. देखरेख समितीच्या अध्यक्षपदी रोहिणीने भिमाजींचं नाव सुचवलं आणि तेही एकमताने मंजूर झालं. त्यांना मात्र कोणी विचारलं नाही.

दिवाळीनंतर बांधकाम पुरं झालं. गोण्या भिमाजींनी स्वतःच हलवल्या, आणि त्या घराच्या पडवीत रचल्यामुळे मनकर्णाची बोलणीही खाल्ली. नगरपंचायतीची पाण्याची लाईन मंजूर आहे, यायची आहे. तोवर टाकी भिमाजींच्या बोअरवर भरते. मागच्या दाराचं काम संपल्यामुळे बाजारच्या दिवशी मनकर्णा आता पुढे गल्ल्यावर येऊन बसते, आणि जुन्या गिऱ्हाइकांना औषध लवकर मिळायला लागलं आहे.

परवाच्या बाजारी भिमाजी एका शेतकऱ्याला नगरपंचायतीच्या नव्या दिव्यांविषयी समजावून सांगत होते. विषय चांगला रंगात आला होता, तेवढ्यात कडूबाईने पाटीवरूनच हाक दिली, "दादा, पानी गेलं बगा."

भिमाजींनी वाक्य अर्धं सोडलं आणि मागे जाऊन मोटार चालू केली. मोटारीच्या घरघरीत बोललेलं कोणाला ऐकू जात नाही. टाकी भरून वाहेपर्यंत ते तिथेच कमरेवर हात ठेवून गप्प उभे राहिले.